टोपणभर ब्रँडी

मी एका सतरा वर्षांच्या मुलाला फसवलं. दारू माझ्या घरातली होती, प्यायला माझा मुलगा, आणि आळ मी घातला त्याच्या दोस्तावर. या हिवाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या पेठेतली निम्मी माणसं अजून त्या दोस्ताकडं बघून मान हलवतात आणि मला मात्र वाकून नमस्कार करतात. तो नमस्कार आता मला सोसत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

माझा धंदा कळल्याशिवाय मी काय केलं ते नीट कळणार नाही. मी जुनी मशीनं घेतो आणि विकतो. लेथ, ड्रिल, प्रेस, जे मिळेल ते. जन्म नेसरीचा. चौदाव्या वर्षी कोल्हापुरात एका वर्कशॉपमध्ये लेथखालचा लोखंडाचा कीस झाडायला लागलो, आणि आज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कुणाचा कारखाना बंद पडायला लागला की पहिला फोन मला येतो. मला कुणी हात धरून वर काढलेलं नाही. मशीन बघायला गेलो की पहिली दहा मिनिटं मी तोंड उघडत नाही. भोवती फिरतो, हँडल फिरवून बघतो, खाली वाकतो. मग एक खोट काढतो. बेड, म्हणजे मशीनचा पाया, झिजलाय म्हणतो, नाहीतर गिअर आवाज करतोय म्हणतो. खोट खरीच असली पाहिजे असं काही नाही. मालकाच्या मनात शंका बसली म्हणजे झालं. खोट निघाली की भाव पडतो. तीस वर्षं मी या एका वाक्यावर जेवतोय.

दुसरं म्हणजे माझं डोकं. ते फार लवकर तापतं. हात त्याच्याही आधी उठतो.

आणि तिसरं, मी दारू पीत नाही. सौदा झाला की लोक बसतात, मी उठतो. पिणारा माणूस सौद्यात हरतो हे मी पोरवयातच बघितलं होतं. त्यामुळं आमच्या घरात दारू नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो. औषधाच्या कप्प्यात थर्मामीटर, बाम, लचकीची पट्टी आणि ब्रँडीची बाटली असायची. पण ब्रँडीला आमच्याकडं कोण दारू म्हणतं? मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याची छाती भरली, तेव्हा कोमट पाण्यातून चमचाभर पाजली होती. थोडी छातीला चोळली. पोरगं शांत झोपलं. ते बरं झाल्यामुळं झोपलं असं आम्हाला वाटलं. पुढं दर थंडीत तेच. शेजारीपाजारी सगळ्यांचं तेच.

मुलगा सोळाचा झाला. अकरावीत गेला. आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की पायात चेंडू येतो, तसा त्याच्याही आला होता. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच; आमच्या तालमीच्या लहान संघात तो मधल्या फळीत खेळायचा. त्याचा दोस्त डाव्या पायाचा, डावीकडून पळायचा. दोघं तिसरीपासून एका बाकावर. दोस्ताचं घर दोन गल्ल्या पलीकडं. त्याचा बाप दारूनं गेला, लिव्हर सडून. आई एका खानावळीत भाकऱ्या थापते. पोरगं आमच्याकडं जेवायला बसलं की ताटात भाकरी कशी उतरलीय ते आधी बघायचं. "काकी, कड जाड राह्यली," म्हणायचं. माझी बायको लाटणं उगारायची.

तालमीत पोरांचा सराव घेणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. कुस्तीचा जमाना गेला तरी त्यांना सगळे वस्तादच म्हणतात. दिवाळीच्या आधी त्यांनी मला थांबवलं.

"पोरगं हडकुळं राह्यलंय तुमचं. धक्का बसला की पडतंय."

"मटण खातंय की वस्ताद, रग्गड खातंय."

"मटणानं काय हुतंय? थंडीचं पहाटं दोन गावठी अंडी फोडायची, चिमूटभर मिरपूड, आन् वरनं टोपणभर ब्रँडी. आम्ही असंच वाढलो. ह्यो दंड बगा."

"दारू हाय की वो ती."

"आवो, ब्रँडी दारू असती तर बायकांनी बाळांना पाजली असती व्हय?"

मी हसलो. मला ते पटलं, कारण ते मला आधीच पटलेलं होतं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "पोराला चहा पिऊ नगं म्हणतासा आन् ही पाजणार?" मी तिच्यावर ओरडलो. तुला खेळातलं काय कळतंय, वगैरे. ती चुलीकडं वळली.

दिवाळीपासून रोज पहाटे पाचला मी स्वतःच्या हातानं त्याला ते द्यायचो. काचेच्या पेल्यात अंडी फेटायची, बाटलीचं टोपण काठोकाठ भरायचं आणि वरून ओतायचं. पहिले आठ दिवस पोरगं नाक दाबून प्यायलं. नंतर मी उठायच्या आत पेला धुऊन तयार ठेवायला लागलं. एक दिवस म्हणालं, "पप्पा, आज टोपण भरलं न्हाई."

"भरलंय की."

"कडंला कमी हाय. मी बगितलंय. काल पण कमी हुतं. दोन दिवसांचं मिळून आज दोन टोपणं द्या, मिटवून टाकू."

मला केवढा आनंद झाला. माझ्यावर गेलाय म्हणालो. बायकोला हाक मारून सांगितलं की बघ, पोरगं भाव करतंय. आणि दोन टोपणं घातली. त्यानंतर दोनाचीच रीत पडली. माझ्या आयुष्यात मी असंख्य सौदे केले. समोरचा जास्त मागतोय आणि मी खुशीनं देतोय, असा तो एकच.

डिसेंबरात पोरगं चिडचिडं झालं. कॉलेजातून निरोप आला की वर्गात झोपतोय. चाचणीत दोन विषय गेले. सरावात कुणाशी तरी मारामारी केली. मी म्हटलं वय आहे. दोस्त एकदा माझ्या मशीनच्या दुकानात आला, बराच वेळ उभा राहिला, आणि म्हणाला, "काका, त्याला जरा विचारा की." मी फोनवर होतो. हातानंच नंतर ये म्हटलं. तो नंतर आला नाही. मीही विचारलं नाही.

मग तो रविवार. दुपारी तीनला सामना होता. मोठ्या संघासाठी निवड करणारे बाहेरून बघायला येणार होते, म्हणून पोरं घाबरलेली. मी दुकानात होतो. साडेबाराला दोस्ताचा फोन आला.

"काका, दवाखान्यात या. त्याला रिक्षात घातलंय. शुद्धीवर न्हाई."

पायऱ्या चढून गेलो तर पोरगं पलंगावर, चादरीच्या रंगाचं. हात लावला तर गार. अंगावर उलटी. श्वास इतका सावकाश की पुढचा येतोय का नाही याची वाट बघावी लागत होती. दोस्त दाराशी उभा, त्याच्या दोन्ही हातांत माझ्या मुलाचे बूट, लेस एकमेकांना बांधलेल्या.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, "किती प्यायलाय?"

आणि मी जे केलं ते आठवलं की आजही मला ताटावरून उठावंसं वाटतं. मला वास आला होता. तीन महिने रोज पहाटे माझ्या बोटांना येत होता तोच वास. मला कळलं होतं की ही बाटली कुणाच्या कपाटातली आहे. तरी मी म्हणालो, "प्यायला न्हाई वो. आमच्या घरात कुणी पीत न्हाई."

"वास येतोय. किती?"

"घोटभर असंल. पोरांनी पाजली असंल."

"कधीपासून घेतो?"

"पहिल्यांदाच."

"नक्की?"

"म्हंजे, सर्दीला एकदा-दोनदा, चमचाभर."

त्यांनी मुलाच्या मनगटावर बोटं ठेवली. मग म्हणाल्या, "मी घासाघीस करायला बसलेली नाही. याची साखर उतरलीय, श्वास उतरतोय. तुम्ही खोटं सांगितलंत तर मी चुकीच्या वाटेनं जाईन. किती?"

मी तोंड उघडायच्या आत दाराशी उभा दोस्त बोलला, "डॉक्टर, पाण्याच्या बाटलीतनं आणलती. निम्मी बाटली तरी हुती, पाणी न घालता. साडेअकरापासनं पीत हुता. भ्या वाटतंय म्हणाला. मी वडून घेतली तवर संपत आलती."

डॉक्टर लगेच वळल्या. नर्स पळाली. सलाईन, सुई, सगळं एकदम सुरू झालं. आणि मी वळलो दोस्ताकडं.

"तुला बरं ठाऊक सगळं!"

"काका, मी…"

"तूच आणलीस. तुझ्याच घरातलं हाय हे."

आणि त्याच्या थोबाडीत मारली. दवाखान्यात, नर्सेससमोर, बाहेर बसलेल्या पेशंटांसमोर. पोरगं हललं नाही. गालावर बोटं उठली. त्यानं वाकून बूट पलंगाखाली ठेवले, नीट शेजारी शेजारी, आणि म्हणालं, "त्याची एक लेस तुटलीय काका. नवीन घ्या." मग गेलं.

मुलगा संध्याकाळी डोळे उघडून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या की मोठ्या माणसाला जेवढ्यात झिंग येते तेवढ्यात या वयातल्या पोराची शुद्ध जाते. मेंदू अजून घडतोय, त्यात लहानपणी लागलेली सवय घट्ट बसते. मग विचारलं, "आणताना याला कुशीवर कुणी झोपवलं होतं?"

"दोस्तानं असंल."

"रिक्षात पूर्ण वेळ कुशीवर धरून आणलंय. उताणा असता तर उलटी श्वासनलिकेत गेली असती. त्याला कुणी शिकवलं?"

मला माहीत होतं कुणी शिकवलं. त्याच्या बापानं. दहा वर्षांचं पोरगं रात्री उठून बापाला कुशीवर वळवायचं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी म्हणालो, "काय म्हाईत."

तोपर्यंत पेठेत विषय पसरला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तालमीत बैठक बसली. आमच्या तालमीत एक जुनी रीत आहे. कुस्त्या आता नावाला होतात, पण आखाड्याच्या हौद्यातली तांबडी माती अजून ताक, तेल, हळद घालून मळतात. मोठा वाद असला की बोलणाऱ्यानं त्यातली मूठभर माती हातात घेऊन बोलायचं. ती हातात असताना खोटं बोलला असं निघालं तर त्या माणसानं पुन्हा तालमीची पायरी चढायची नाही.

आधी मी बोललो. मला कुणी माती दिली नाही. मी संघाला जर्सी देणारा, मला कोण माती देणार? मी म्हणालो की माझ्या घरात दारूचा थेंब नाही आणि पोरगं ज्याच्याबरोबर होतं तो तुमच्यापुढं उभा आहे. एवढंच. तीस वर्षांचा सराव. खोट काढायची आणि गप्प बसायचं, बाकीचं समोरचे स्वतःच बोलतात.

मग त्या पोराला माती दिली. त्यानं मूठ घट्ट धरली.

"मी दिली न्हाई. मी दारूला हात लावत न्हाई. आमच्या घरात तिनं काय केलंय ते तुमाला म्हाईत हाय."

वस्ताद म्हणाले, "मग कुणी दिली?"

"ते मी सांगणार न्हाई."

"का?"

"सांगणार न्हाई म्हंटलं की."

तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी भांडलो असतो. तो वाट बघत होता. मी कोपऱ्यातल्या व्यायामाच्या लाकडी मुद्गलांकडं बघायला लागलो.

मागून कुणीतरी म्हणालं, "बापाचं रक्त हाय, जातंय कुठं!" चार जण हसले. वस्ताद म्हणाले, "जर्सी आणून ठेव." पोरानं पिशवीतून काढली. अकरा नंबरची, धुऊन घडी घातलेली. म्हणजे घरून निघतानाच त्याला कळलं होतं की इथं काय होणार आहे.

बाहेर चपला घालताना वस्ताद माझ्या कानाशी आले. "टोपणभरच देत हुतासा न्हवं?"

"दोन."

"बरं. आता गप ऱ्हावा. पोरांचं काय, इसरत्यात."

वस्तादांवर माझा जो राग आहे तो या वाक्यापासूनचा आहे. मी तो लपवत नाही. पण राग धरायला मी किती हुशार आहे बघा, स्वतःवर धरायच्या आधी मी तो त्यांच्यावर धरला.

त्या दुपारी जेवून उठलो तर बायकोनं बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. निम्म्याच्या वर भरलेली होती.

"बग," मी म्हणालो, "भरलेली हाय. त्यानं ह्यातली घेतलीच न्हाई."

"वास घ्या."

घेतला.

"आता चव घ्या."

बोट बुडवून जिभेला लावलं. कोरा चहा. थंड, कडवट, त्यात ब्रँडीचा नुसता वास राहिलेला.

"तीन आठवडं झालं आसल," ती म्हणाली. "भांड्यात रोज कोरा चहा उरायला लागला म्हणून मला शंका आलती. तुमी रोज पहाटं त्येच त्याला पाजत हुतासा, आन् खरी पाण्याच्या बाटलीत काडून त्यो दिवसा पीत हुता. रंगवलेलं मशीन लांबनं वळखतासा न्हवं तुमी?"

मी बाटलीचं टोपण लावलं.

"मारलासा व्हय त्या पोराला? दवाखान्यात?"

"कुणी सांगितलं?"

"त्याच्या आईनं. भांडायला आलती वाटलं, तर पोरगं कसं हाय इचारून गेली."

मुलगा आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होता. तो उठून दारात आला. अजून पायात जोर नव्हता. "पप्पा, मी तालमीत जाऊन सांगतो." मी त्याला बसवलं आणि त्याच्याशीही सौदा केला. म्हणालो, निवड करणारे पुढच्या महिन्यात परत येणार आहेत. एवढं होऊ दे. तुझ्या दोस्ताचं आपण नंतर बघू, त्याच्या शिक्षणाचं मी बघतो. आत्ता बोललास तर तुझंही जाईल आणि त्याचंही येणार नाही. पोरगं रडलं आणि गप्प झालं. मला वाटलं, जमलं.

पण त्या घरात काहीच जमलेलं नव्हतं. पोरगं पहाटे पाचला आपोआप जागं व्हायचं, घामेजलेलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या कप्प्यासमोर उभं राहायचं. बायकोनं बाटली फेकून दिली होती. डॉक्टरांकडं परत नेलं तेव्हा बायकोनं मला बोलूच दिलं नाही. "दिवाळीपासनं रोज," ती म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं, "रोज? देत कोण होतं?" "ह्यांनी. सोताच्या हातानं." मी खालच्या फरश्या बघत बसलो. डॉक्टरांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. पोराला समुपदेशनाला कधी आणायचं ते बायकोला लिहून दिलं. माझ्याशी बोलायची गरज संपली होती.

महिन्याभरानं पंचतारांकित एमआयडीसीत एका शेडमध्ये लेथ बघायला गेलो. नेहमीसारखा भोवती फिरलो, हँडल फिरवलं. पलीकडं ग्राइंडरवर एक पोरगं कास्टिंग घासत होतं. ठिणग्या उडत होत्या. त्यानं चष्मा वर केला तेव्हा ओळखलं.

सुपरवायझर माझी नजर बघून म्हणाला, "नवीन हाय पावणं. कामाला वाघ हाय."

"वय काय त्याचं?"

"बसतंय तसं. त्याचं जरा दारूचं लफडं हाय म्हणं, तालमीतनं काढलाय. म्हणून घासून घेतलाय. दुसऱ्या पोराच्या निम्म्यात करतंय." आणि हसला. सौदा चांगला झाला की माणूस हसतो तसा. मी शेकडो वेळा तसा हसलोय.

खोट निघाली की भाव पडतो. ती खोट मी काढली होती. दवाखान्याच्या खोलीत आणि तालमीच्या ओसरीवर, माझी स्वतःची अब्रू वाचवायला. आणि आता कुणीतरी तिसराच त्या पोराला त्या पडलेल्या भावानं वापरत होता. त्याच क्षणी सांगायला हवं होतं की ही खोट खोटी आहे, मी काढलीय. सुपरवायझर समोर होता, पोरगं समोर होतं. मी म्हणालो, "बेड झिजलाय ह्याचा."

निघताना पोराजवळ गेलो. त्यानं मशीन बंद केलं.

"कॉलेज?"

"सोडलं."

"आई?"

"हाय की बरी." मग त्यानं हातानं तोंडावरची धूळ पुसली. "काका, त्यो पितोय का अजून?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"खरंच न्हाई."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि मशीन सुरू केलं.

कागलहून दुसरं मशीन बघायला न थांबता सरळ निघालो. घरी आलो आणि मुलाला सगळं सांगितलं, निम्म्यात घेतलाय तेही. पोरगं उठलं, चप्पल घातली आणि गेलं. मी अडवलं नाही. तेवढंच काय ते मी बरं केलं. तालमीत पोचून त्यानं स्वतःच हौद्यात हात घातला, माती उचलली आणि जे होते त्या सगळ्यांसमोर सांगितलं. बाटली आमच्या घरातली, रोज पप्पा द्यायचे, वस्तादांनी सांगितलं होतं, चोरून मी प्यायलो, माझ्या दोस्तानं मला वाचवलं.

वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला म्हणे. म्हणाले, "पोरगं आजारानं हळवं झालंय. जा बाळा, इश्रांती घे." आणि विषय मिटवला. संध्याकाळी मला फोन. "मोठ्या माणसाची अब्रू हाय, उगंच कशाला उकरायचं? त्या पोराला काम लागलंय म्हणं, बरंच झालं की."

म्हणजे माती हातात घेऊन दोन पोरं खरं बोलली. एकाला खोटारडा ठरवलं आणि दुसऱ्याला आजारी. आणि ज्या दोन मोठ्या माणसांनी हे सगळं केलं त्यांच्या हाताला मातीचा कण लागलेला नाही.

मी त्या पोराच्या आईकडं जाऊन आलोय. त्या पाटावर बसून भाकरी थापत होत्या. मी सांगितलं ते सगळं त्यांनी ऐकलं, भाकरी उलटली, आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग दादा? मला ठाऊकच हुतं. ज्यांच्यापुढं बोललासा त्यांच्यापुढं बोला." एमआयडीसीतल्या त्या सुपरवायझरलाही गाठलं. तो म्हणाला, आता कशाला, पोरगं तयार हाय ना त्या पगारात? सौद्यात मी वापरतो तेच वाक्य त्यानं मला विकलं.

म्हणून हे इथं लिहितोय, माझं आणि वस्तादांचं काय ते सगळं, आणि पेठेतल्या ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. वस्ताद, बैठक बोलवा. जी माणसं त्या दिवशी होती तीच सगळी बोलवा. आधी माती माझ्या हातात द्या, मी उभा राहून सांगतो. त्या पायरीवर मला पुन्हा पाय ठेवता येणार नसेल तर नाही ठेवणार, रीत आहे ती. मग तीच माती तुम्ही घ्या आणि सांगा की सोळा वर्षांच्या पोराच्या पेल्यात टोपण ओतायला कुणी सांगितलं, आणि सगळं कळल्यावर गप राहा कोण म्हणालं. आणखी किती घरांत पहाटे ती अंडी फेटली जातात तेही विचारा, कारण तुम्ही सल्ला मला एकट्यालाच दिला नसणार. मागून "बापाचं रक्त" म्हणाला त्यानंही पुढं यावं.

यात मी एक टोपणही कमी-जास्त करणार नाही. अकरा नंबरची जर्सी अजून तालमीच्या कपाटात आहे, घडी न मोडलेली. ती त्याच्या घरी नेऊन, त्याच्या आईसमोर, त्याच्या हातात कोण देणार? उत्तर द्या.